आत्याची कवळी हलते, काकांची का नाही?

सुमाआत्या: मेघा, दातांचं तुला कळतं, सवडीने सांग गं. खालची काढ-घाल करायची कवळी करून तीन वर्षं झाली. विनूचीही तशीच आहे, पण त्याची घट्ट बसते आणि माझी चावताना मागून उचलते. आता उजवीकडे आतल्या बाजूला हिरडीला फोड आलाय. माझी करतानाच काही चुकलं का?

विनूकाका: मला तर दिवसभर आठवणही होत नाही कवळीची.

मेघा: आत्या, दोघांचे कुठले कुठले दात गेलेत ते आधी सांगा. किती गेले ते नको, कुठले ते हवं.

सुमाआत्या: माझ्या खाली दोन्हीकडे मागे एकही मोठी दाढ नाही. उजवीकडे सुळ्यामागे एक छोटी दाढ उरलीय, डावीकडे दोन. आणि पुढचा एक दात नाही.

विनूकाका: माझे वर डावीकडचे दोन गेले. त्यांच्या मागची दाढ शाबूत आहे.

मेघा: काका, ती मागची दाढ आहे म्हणून तुमची हलत नाही. तुमच्या मोकळ्या जागेला पुढे दात आहे आणि मागेही दात आहे. चावल्याचा सगळा भार त्या दोघांवर जातो, म्हणजे दोन्ही काठांवर टेकलेल्या पुलासारखी तुमची कवळी. आत्याच्या बाबतीत पुढे दात आहे, मागे नुसती हिरडी. ती गॅलरीसारखी एका बाजूनेच धरलेली आहे. मागच्या टोकाला दाब आला की ती हिरडीत रुतते, चिकट काही लागलं की वर उचलते. ती थोडी हलणार हे गृहीत धरूनच बनवतात. पण फोड येईपर्यंत हलत असेल तर काहीतरी बिघडलंय, त्याचं नंतर सांगते.

रोहन: पण ताई, हिरडीखाली हाडच आहे ना? मग रुतते कशी?

मेघा: चांगला प्रश्न विचारलास. दात हाडात बारीक तंतूंनी टांगलेला असतो आणि त्या तंतूंचा थर जेमतेम पाव मिलिमीटरचा असतो. त्यामुळे दाबला तरी दात अगदी नावापुरता खाली जातो. हिरडीचं मांस त्याच्या कितीतरी पट दबतं. आत्याच्या कवळीचं पुढचं टोक दातावर आणि मागचं टोक मांसावर. दोन्ही सारखे दबत नाहीत, म्हणून कवळी डुलते. माप घेताना हिरडी दाबलेल्या अवस्थेतलं वेगळं माप घेतलं तर हा फरक बराच कमी करता येतो. काकांच्या कवळीला त्याची गरजच नव्हती.

नंदाकाकू: म्हणजे दात किती गेले याला महत्त्व नाही?

मेघा: आहे काकू, पण कुठले गेले हे त्याहून महत्त्वाचं. एका जबड्यात १६ जागा, प्रत्येक ठिकाणी दात असेल किंवा नसेल. हिशोब केला तर ६५,५३६ प्रकारचे जबडे होतात. एवढ्यांचा विचार एकेक करून कोण करणार? म्हणून १९२५ मध्ये एडवर्ड केनेडी नावाच्या दंतवैद्यांनी चार वर्ग पाडले. आम्ही आजही तेच वापरतो.

क्लास १ म्हणजे दोन्ही बाजूंना मागे मोकळं, त्यामागे दात नाही. ही आत्या.
क्लास २ म्हणजे तसंच, पण एकाच बाजूला.
क्लास ३ म्हणजे एका बाजूला मोकळी जागा, पण तिच्या पुढेही दात आणि मागेही दात. हे काका.
क्लास ४ म्हणजे समोरचं खिंडार, मधली रेघ ओलांडून दोन्हीकडे गेलेलं, आणि बाकी सगळे दात त्याच्या मागे.

रोहन: आईचा तर पुढचाही एक नाही. मग ती क्लास १ की ४?

मेघा: क्लास १. सगळ्यात मागची मोकळी जागा वर्ग ठरवते. बाकीच्या जागा पोटप्रकार म्हणून मोजायच्या, म्हणून आई क्लास १, पोटप्रकार १. पोटप्रकारात जागा किती हे मोजतात, ती केवढी रुंद आहे ते नाही. क्लास ४ ला पोटप्रकार नसतोच, कारण मागे आणखी एखादी जागा मोकळी असती तर वर्गच बदलला असता. आणि अक्कलदाढ नसेल आणि ती बसवायचीही नसेल तर ती धरत नाहीत. नाहीतर कितीतरी लोक उगाच क्लास १ मध्ये गेले असते. हे नियम नंतर ऍपलगेट यांनी घालून दिले. त्यातला पहिला नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो: जे दात काढायचे आहेत ते काढून झाल्यावरच वर्ग ठरवायचा. काका, तुमची ती मागची दाढ उद्या गेली तर तुम्ही क्लास ३ मधून थेट क्लास २ मध्ये जाल आणि मग तुमचीही हलायला लागेल. त्या दाढेला जपा. कवळीचा दाताला धरणारा हूक बसतो तिथे कण अडकून कीड लवकर लागते.

विनूकाका: मी तिच्याकडे कधी वेगळं लक्ष दिलं नव्हतं. आजपासून देतो. पण मला सांग, माझे डावीकडचे दोनच गेले, तर प्लेट टाळूवरून उजवीकडे कशाला आणली? मी तेव्हा म्हटलं होतं, छोटी करा.

मेघा: छोटी न करून त्यांनी तुमच्यावर उपकार केलेत. एकाच बाजूची चिमुकली कवळी चावताना कलंडते. शिवाय ती सुटली तर गिळली जाते किंवा श्वासनलिकेत जाऊ शकते. दुसऱ्या बाजूच्या दातांना धरलं की ती स्थिर राहते.

सुमाआत्या: अगं माझ्या फोडाचं सांग ना.

मेघा: हो आत्या, सांगते. कवळी घालून आरशासमोर बस. कवळीच्या शेवटच्या दातावर बोटाने दाब आणि तेव्हा तिच्या पुढच्या तुझ्या छोट्या दाढेकडे बघ. दाढेच्या चावायच्या बाजूला एक खाच केलेली आहे आणि कवळीचा एक छोटा धातूचा चमच्यासारखा तुकडा त्यात टेकतो. त्याला रेस्ट म्हणतात. तो खाचेतून वर उचलतोय का?

सुमाआत्या: थांब.

सुमाआत्या: उजवीकडे उचलतोय. नखाएवढी फट दिसते. डावीकडे थोडीशी.

मेघा: मग कवळीखालचं हाड झिजून खाली गेलंय. दात गेला की तिथलं हाड हळूहळू विरघळत जातं, खालच्या जबड्यात जास्तच. कवळी तीच राहते, जमीन खचते. तीन वर्षांत हे होऊ शकतं, करताना चुकलंच असं नाही. कवळीला आतून नवीन थर देतात, रिलायनिंग म्हणतात त्याला. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

रोहन: ताई, एक सांगायचं राहिलं. दोन आठवड्यांपूर्वी आई म्हणाली सैल वाटते, म्हणून मी पकडीने दोन्ही हूक थोडे आवळून दिले.

मेघा: रोहन, असं पुन्हा कधीही करू नकोस. हूक कवळी दाबून धरण्यासाठी नसतो. तो दाताभोवती अर्ध्याहून जास्त वळसा घेतो. त्याचा जाड भाग दाताच्या फुगवट्याच्या वर असतो, फक्त लवचीक टोक फुगवट्याखाली जातं. या धातूच्या हुकाला तिथे पाव मिलिमीटर खोली पुरते. कवळी पूर्ण बसल्यावर हुकाने दाताला नुसतं टेकायचं असतं, ढकलायचं नसतं. आवळलास तर तो दिवसरात्र दात ढकलत राहतो, दात दुखतो, हलायला लागतो. आत्याकडे आधाराला आधीच कमी दात आहेत. शिवाय हा कोबाल्ट-क्रोमियमचा धातू वारंवार वाकवला की तुटतो.

रोहन: चुकलं माझं. मदत करायची होती.

सुमाआत्या: ती छोटी दाढ ठणकते आहे खरी, पण मी बोलले नाही.

मेघा: आत्या, आजपासून कवळी काढून ठेव. फोड भरू दे. दोन दिवसांत डॉक्टरांकडे जा, पण जायच्या आधी काही तास ती घाल, म्हणजे टोचण्याची जागा त्यांना नेमकी दिसेल. कानशीने घरी घासू नका.

रोहन: ब्रिज किंवा इम्प्लांट का नाही करायचं सरळ?

मेघा: ब्रिज म्हणजे दोन्हीकडच्या दातांवर टेकवून पक्के बसवलेले दात. मागे दातच नाही, ब्रिजला दुसरा काठ कुठून आणणार? इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला स्क्रू, होऊ शकतं. मागे दोन्हीकडे एकेक बसवून त्यावर हीच कवळी टेकवली तर क्लास १ चं वागणं क्लास ३ सारखं होतं. ही चांगली वाट आहे. पण हाड किती उरलंय, साखर ताब्यात आहे का, शस्त्रक्रियेला आत्या तयार आहे का, हे बघून त्यांचे डॉक्टर ठरवतील. मी इथून सांगणं बरोबर नाही.

नंदाकाकू: रात्री काढायचीच का गं? हे घालूनच झोपतात.

मेघा: काढायचीच, काकू. हिरडीला आणि टाळूला उघडं राहू दे, नाहीतर प्लेटखाली बुरशी वाढून टाळू लाल होतो आणि तो दुखतोच असं नाही, म्हणून कळतही नाही. रात्री साध्या पाण्यात बुडवून ठेवायची, कोरडी नाही. गरम पाणी नको, गुलाबी भाग वाकतो. ब्लीच नको, धातू गंजतो. टूथपेस्टने चरे पडतात, मऊ ब्रश आणि साधा साबण पुरे. काढताना हुकात नख घालून ओढू नका, आणि घालताना चावून बसवू नका, बोटांनी दाबा.

सुमाआत्या: मी तीन वर्षं चावूनच बसवते आहे. कुणी सांगितलंच नाही.

मेघा: आता कळलं ना. आत्या, त्या दुखऱ्या दाढेचाही एक्स-रे काढायला सांग, विसरू नकोस.

रोहन: परवा सकाळची वेळ घेतली आहे. मी नेतो आईला.

विनूकाका: सुमा, मीही येतो गं. मागची दाढ दाखवून घेतो.

सुमाआत्या: ये. कवळी वाटीत पाण्यात ठेवली आत्ताच.