मदत हवी आहे : पद्मिनीला पॉवर स्टिअरिंग बसवावे का?

नमस्कार मंडळी. फोंड्याला आमच्या घरी बाबांची 1984 ची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबा आता 76 वर्षांचे. मंगेशीला देवळाजवळ गाडी लावताना स्टिअरिंग ओढून त्यांचा खांदा भरून येतो. दुसऱ्या गाडीत बसायला ते तयार नाहीत, आणि ही विकायची माझीही इच्छा नाही.

किंगपिनना (पुढची चाके ज्या खिळींवर वळतात त्यांना) ग्रीस भरले, टायरची हवा तपासली, थोडाच फरक पडला. म्हापशाचे एक मेकॅनिक म्हणतात, नव्या गाडीचा इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा कॉलम (स्टिअरिंग चाकाखालचा दांडा, मोटरसकट) बसवू. पण आमचा गिअरचा दांडाच कॉलमवर आहे, मग मोटर बसवायची कुठे? शिवाय जागच्या जागी चाके वळवताना ती मोटर भरपूर करंट खेचते. त्या मोटरला गाडीच्या वेगाचा सिग्नल मिळाला नाही तर हायवेला स्टिअरिंग नको तितके हलके राहील, ही भीती वेगळीच.

खरी काळजी कॅस्टरची, म्हणजे पुढची चाके ज्या अक्षावर वळतात त्याच्या मागे झुकलेल्या कोनाची. तो कमी केला तर स्टिअरिंग हलके होते, पण वळणानंतर चाक आपसूक सरळ येत नाही. चोर्ला घाटात ते कसे चालेल?

पद्मिनीवर कोणी हे काम केले आहे का? रेडियल टायरवर कॅस्टर आणि टो-इन (पुढची चाके पुढून किंचित आत वळलेली ठेवणे) किती ठेवलेत? आरटीओची मंजुरी आधी घेतलीत का? फोटो असतील तर जरूर टाका.