दोन्ही ओव्हरीत गाठी, ऑपरेशन आधी की बाळाचा चान्स आधी?

चोपड्याची लेक: मैत्रिणींनो सोनोग्राफीत दोन्हीकडे चॉकलेट सिस्ट (जुनं रक्त साठलेल्या गाठी) निघाल्यात, डावीकडची ६ सेंमी, जळगावच्या मॅडम दुर्बिणीने काढू म्हणतात पण आम्हाला बाळ हवंय आणि सासूबाई म्हणतात एकदा पोट उघडलं की संपलं. रक्तातलं सीए १२५, कॅन्सरच्या शंकेसाठी तपासतात ते, तेपण वाढलंय, कॅन्सर तर नसेल ना? रात्रभर डोळा लागत नाही.

तापीकाठ: ताई, सीए १२५ एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं तो आजार, चॉकलेट सिस्ट त्यातच होतात), अगदी पाळी चालू असतानाही वाढतं, तेवढ्यावरून घाबरू नको. पण ऑपरेशनआधी एएमएच (ओव्हरीत किती बीजं शिल्लक आहेत त्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) करच. सिस्ट सोलताना तिला चिकटलेली चांगली बीजंही जातात, दोन्हीकडे असेल तर जास्तच. कमी आलं तर आधी बीजं किंवा गर्भ गोठवून ठेवायचं विचार.

धुळेकरीण: माझ्या डरमॉइडमुळे (ओव्हरीतली वेगळ्या प्रकारची गाठ) ओव्हरीला पीळ बसला, डावी ओव्हरी काढावी लागली. उजवीवरच दिवस राहिले, पोरगी आता अंगणवाडीत जाते बघ! अचानक जोरात दुखून उलट्या झाल्या तर रात्र काढू नको, लगेच दवाखाना गाठ. आणि सहीआधी फॉर्म नीट वाच, फक्त गाठ काढणार की ओव्हरी, ते लिहून घे. सासूबाईंनाही सोबत ने, मॅडमच्या तोंडून ऐकू देत.

भुसावळ: मिस्टरांची सिमेन टेस्ट झाली का? आपल्याकडे सगळं बाईचंच तपासतात, फार राग येतो. त्यांचा रिपोर्ट बघितल्याशिवाय काहीच ठरवू नका.

चोपड्याची लेक: नाही झाली ताई, आजच बोलते त्यांच्याशी. एएमएच पाळीत करायची का?

तापीकाठ: कधीही चालते, उपाशी राहायचीही गरज नाही.