कॉमर्सला गणित की एसपी? (टक्केवाल्यांना उत्तर)

तिरकट
अकरावी कॉमर्सला गणित किंवा एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस), यातलं एक निवडायचं असतं. काल दहावीच्या निकालावरच्या गप्पांत एका गृहस्थांनी ठोकून दिलं, "कॉमर्सला गणित म्हणजे पायावर धोंडा. एसपी घ्या, नव्वद पाडा, मोकळे व्हा." खाली लाइकचा पाऊस. म्हणून हे लांबण.

माझ्या भाचीने हेच ऐकलं. एसपी घेतलं, ९१ टक्के पाडले, पेढे वाटले. मग दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्स करायचं मनात आलं. तिथे बारावीला गणित हवं, शिवाय सीयूईटी या प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर. बरं, स्टॅटिस्टिक्सचं बीएस्सी पाहिलं, तिथेही गणितच आडवं. सोळाव्या वर्षी फॉर्मवर एक टिक केली, ती अशी वसूल झाली.

आणि कॉमर्सच्या गणितात असतं तरी काय? कमिशन-दलाली, विमा, इंडेक्स नंबर, एलपीपी (मर्यादित साधनांत जास्तीत जास्त नफा काढायची गणितं). हे कॉमर्सच्या पोराला नको, तर मग कोणाला?

पेठकर
तुमची भाची दिल्लीला निघाली होती, माझा मुलगा आमच्याच दुकानात बसणार होता. तरी "गणित घे, दरवाजे उघडे राहतात" असं सगळ्यांनी सांगितलं. घेतलं. कॉलेजात गणिताची एकच तुकडी, सर तासिका तत्त्वावर. दिवाळीच्या सुट्टीला गेले ते आलेच नाहीत. डेरिव्हेटिव्हचं अप्लिकेशन पोराने यूट्यूबवर पाहिलं, रात्री अकराला, डोळे चोळत. त्या नादात बीके (बुककीपिंग) मागे पडलं, जे त्याला खरंच आवडायचं. बारावीला गणितात ३५. पस्तीस! पुढचे दरवाजे उघडे असतील हो, पोरगं उंबऱ्यातच आडवं झालं.

आणि नंतर लागलंच गणित, तर एनआयओएस या मुक्त शाळा मंडळातून तो एकच विषय देता येतो. हे कोणी सांगत नाही.

तिरकट
देता येतो. पण त्यात जाणारं वर्ष कोण मोजणार? आणि सर पळाले हा गणिताचा दोष का?

पेठकर
गणिताचा नाही. पण मार्कशीट गणिताच्या सरांची नव्हती, माझ्या पोराची होती.

फाउंडेशनग्रस्त
सीए करणाऱ्यांसाठी: फाउंडेशनचा (सीएची पहिली परीक्षा) तिसरा पेपर १०० मार्कांचा. गणित ४०, लॉजिकल रिझनिंग २०, स्टॅटिस्टिक्स ४०. चुकलं की पाव मार्क कट. एसपीवाले तिथे परम्युटेशन पाहून घाम पुसतात.
(मीही एसपीवालीच. चार महिने क्लासच्या पहिल्या बाकावर बसून पास झाले. तिरकटना फार खूश व्हायचं कारण नाही.)

वर्गात_एकोणीस
गणित-एसपीवर एवढी शाई आणि त्याच फॉर्मवर मराठीच्या जागी आयटी टिक करता, त्याबद्दल चकार शब्द नाही! मी ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवते. यंदा वर्गात १९ मुलं. आयटीला तीन बॅचेस. का? "स्कोरिंग" म्हणून. २०२० चा मराठी सक्तीचा कायदा दहावीपर्यंतच, अकरावीत मोकळं रान.

एक्सेलवीर
मराठी घरी बोलतोच की. आयटीने निदान एचटीएमएल येतं.

वर्गात_एकोणीस
गेल्या वर्षी एका आयटीवाल्या हुशार मुलाने कॉलेजला रजेचा अर्ज लिहिला. "मला सुट्टी पाहिजे कारण आजी ऑफ झाली." घरी बोलताच ना?

एक्सेलवीर
बाई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. विद्यार्थी घटले की वर्कलोड घटतो, शिक्षक अतिरिक्त ठरतात. तुम्हाला भाषेपेक्षा नोकरीची काळजी आहे.

वर्गात_एकोणीस
आहे ना! घराचा हप्ता आहे, पोरगी शिकतेय. पण नोकरी जाईल म्हणून मी खोटं बोलते असं म्हणायचं असेल, तर नीट तसं म्हणा. कोपऱ्यातून दगड मारू नका.

सांगलीकर
एक्सेलवीर, हे जरा जास्त झालं. शिक्षिकेशी बोलताय.

एक्सेलवीर
शब्द मागे घेतो. मुद्दा घेत नाही.

तिरकट
धागा माझा, लग्न भलत्याचंच लागलंय. पण बाईंचा एक मुद्दा मान्य करावा लागतोय, नाइलाजाने. गणित सोडतात ते आणि मराठी सोडतात ते, एकाच टक्क्यापायी.

पेठकर
वा! आजची कमाई. मग माझंही लिहून घ्या: सर जागेवर असते, तर पोराला गणितच घ्यायला लावलं असतं. पुढचं वाक्य तुम्ही बोलणार म्हणून मीच बोललो.

मंदा_ताई
तुमचं भांडण संपलं असेल तर माझं ऐका. मुलीला दहावीत गणितात ७२, पुढे काय करायचं तिलाच माहीत नाही. कॉलेजात विषयांचा फॉर्म शनिवारपर्यंत द्यायचा आहे. काय लिहू?

तिरकट
गणित.

पेठकर
थांबा ताई. आधी कॉलेजात जाऊन विचारा, गणिताचे सर कायम आहेत की तासिकेवर. मागच्या वर्षी गणिताच्या तुकडीतली किती मुलं पास झाली तेही. ऑफिसात नको, शिपायाला विचारा.

मंदा_ताई
जाऊन आले. गणिताला कायम सर आहेत, अकरा वर्षं झाली. आयटी लॅबचे निम्मे कंप्युटर बंद. मराठीच्या बाई म्हणाल्या, बसून चहा घ्या. गणित आणि मराठी लिहून आले.