एआयला एक प्रश्न विचारला की बाटलीभर पाणी जातं, खरं आहे का?

घुबड: धाकट्या बहिणीने पाण्याच्या कारणावरून एआय वापरणंच सोडलंय आणि मी वापरला की टोमणे मारते. मी तिला गुगलचा २०२५ चा आकडा दाखवला, जेमिनायच्या एका टेक्स्ट प्रश्नाला ०.२४ वॅट-तास, म्हणजे एका युनिटात चारेक हजार प्रश्न, आणि पाणी पाच थेंब. तर म्हणते, पेपर लिहिणाराच पेपर तपासणार का? आता बोला.

रात्रपाळी: बहीण हुशार आहे. पाच थेंबांत ट्रेनिंग, म्हणजे मॉडेलला आधी शिकवताना लागलेलं पाणी, धरलेलं नाही, वीज बनवताना पॉवर स्टेशनात जे पाणी उडतं तेही नाही. बाटलीवाला आकडा जीपीटी-३ या जुन्या एआय मॉडेलचा अंदाज आहे, १० ते ५० उत्तरांमागे अर्धा लिटर, आणि त्यात वीजनिर्मितीचं पाणी धरलंय. दोघं वेगवेगळं मोजतायत, भांडण कसलं?
मी डेटा सेंटरात, म्हणजे एआयचे कॉम्प्युटर जिथे चालतात तिथे, कूलिंगच्या कामात आहे, आमच्याकडे रोजची ओढाताण हीच की कूलिंग टॉवरने थंड केलं तर पाणी वाफ होऊन जातं आणि पाणी वाचवायला चिलर, म्हणजे विजेवरची थंड करणारी यंत्रं, चालवले तर विजेचं बिल चढतं, त्यामुळे नुसतं पाणी किंवा नुसती वीज सांगणाऱ्यावर माझा तरी भरोसा नाही.

चिकट्या: चिप्स दरवर्षी सुधारतायत की, सुटेल आपोआप.

आडवातिडवा: @चिकट्या कसलं आपोआप! चिप सुधारली की उत्तर स्वस्त, स्वस्त झालं की न मागता प्रत्येक अ‍ॅपात घुसवतात. आयईएच्या (आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या) अंदाजात जगभरच्या डेटा सेंटरांची वीज २०२४ मध्ये ४१५ अब्ज युनिट होती ती २०३० ला ९४५ च्या आसपास जाते, सगळ्या जपानला लागते त्याहून थोडी जास्तच. आयर्लंडमध्ये २०२४ ला देशातली २२ टक्के वीज डेटा सेंटरांनीच खाल्ली, डब्लिनमध्ये तर नवीन कनेक्शन द्यायलाच हात आखडता घ्यावा लागला.
बहिणीने चार प्रश्न कमी विचारून यात काय फरक पडणार? कायदाच हवा.

घुबड: पण युरोपात कायदा आहे ना?

आडवातिडवा: आहे, आणि गोम तिथेच आहे. ५०० किलोवॅट आणि वरच्या सेंटरांनी वीज-पाण्याचे आकडे कळवायचे, पण लोकांना दिसते ती देशवार बेरीज. एआय कायद्यातही मोठ्या मॉडेलला किती वीज लागली ते लिहून ठेवायचं, दाखवायचं मात्र सरकारी ऑफिसने मागितलं तर. शेजारच्या सेंटरने किती पाणी ओढलं हे गावाला कळतच नाही.

रात्रपाळी: मीटर प्रत्येक पंपाला असतो हो, आकडे रोज लिहितो आम्ही.

घुबड: हे शेवटचं तिला वाचून दाखवतो.