खडू, घड्याळ आणि पीएचडी
'एडटेकमध्ये (शिक्षण-तंत्रज्ञानात) संशोधन कसलं, नुसती अ‍ॅपची विक्री' असं काही जण म्हणतात; ते मत मला अजिबात पटलं नाही. आयआयटी मुंबईत २०१० पासून या विषयात पीएचडी करता येते. तिथले प्राध्यापक श्रीधर अय्यर, सहाना मूर्ती आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्रोग्रॅमिंगच्या भरगच्च वर्गात बसून नोंदी घेतल्या. वर्गात शिकवण्याची पद्धत अशी: आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग सगळ्यांसमोर मांडणी. २०१३ च्या त्यांच्या शोधनिबंधात ८३ टक्के मुलं कामात गुंतलेली दिसली.

मी एमएस्सीच्या वर्गात हेच केलं. वर्षभर गप्प असलेली एक मुलगी शेजारणीला वहीत बाण काढून रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं) समजावत होती. साधनं म्हणाल तर खडू आणि भिंतीवरचं घड्याळ, एवढीच.