ओला कचरा घरीच जिरवायची सक्ती करावी का?

चौथा_मजला: परवा सोसायटीच्या सभेत ठराव आला: ओला कचरा ज्याने त्याने आपल्या गॅलरीत जिरवायचा, नाहीतर मेंटेनन्समध्ये महिना २०० रुपये जादा. मी बाजूने हात वर केला आणि तेव्हापासून लिफ्टमध्ये माझ्याशी कोणी बोलत नाही.

तीन वर्षं हे करतोय. बुडाला भोकं पाडलेली दोन पिंपं, तळाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर कचरा आणि कचऱ्याइतकाच वाळका पाला. सुरुवातीला वाटीभर आंबट ताक. वास आला की पाला कमी पडला समजायचं. दीड-दोन महिन्यांत खत. अवघड काही असेल तर तो पाला मिळवणं. उरुळी देवाची-फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं सोसला, त्यांच्या विहिरी नासल्या. आपल्याला एक पिंप जड जावं?

मेथीची_जुडी: "करतोय" म्हणजे नक्की कोण हो? आमच्याकडेही ह्यांनी हौसेने तीन मडक्यांची उतरंड आणली. आठ दिवस फोटो काढले, मग फिरतीवर गेले. पावसाळ्यात अळ्या भिंतीवर, चिलटं थेट देवघरापर्यंत. ढवळायचं काम माझ्या गळ्यात. सभेत हात वर करणाऱ्यांपैकी किती जणांनी घरी विचारलं होतं?

चौथा_मजला: ढवळतो मीच. पण देठं-सालं निवडून वेगळी बायकोच ठेवते, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. घरी विचारलं नव्हतं.

रविवारचा_चहा: मुळात हा सगळा खटाटोप मनाच्या समाधानापुरता. देवनारला १९२७पासून कचरा पडतोय. जानेवारी २०१६मध्ये पेटला तेव्हा मुंबईवर धुराची चादर होती. तुमच्या पाऊण किलो सालांनी तो डोंगर हलणार का? आणि हाच माणूस दिवाळीत विमानाने बालीला जाणार. कंपन्या आणि महापालिका सुटतात, आपण मात्र केळीची सालं मोजत बसतो.

चौथा_मजला: बाली कुठली, गुहागरला जातो, तेही एसटीने. पण असे डोंगर भडकतात त्यात आपल्या सालांचाच हात असतो. ओला कचरा दडपला की आत हवा राहत नाही आणि मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून जास्त उष्णता धरतो. पिंपात हवा खेळती असते, म्हणून तिथे तो फारसा होत नाही. महापालिकेशी भांडाच, पण भांडण मिटेपर्यंत सालं कुठे टाकायची?

माजी_सेक्रेटरी: दोघंही टोकाला गेलात. घराघरांत पिंपं हवीत कशाला? २०१६च्या घनकचरा नियमांनी ५,००० चौरस मीटरहून मोठ्या संकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं होतं. आवारात, गॅलरीत नव्हे. आमच्या ६४ फ्लॅटांना मिळून विटांच्या दोन जाळीदार टाक्या आहेत. एक भरेपर्यंत दुसरी पिकते. त्रास टाकीचा नाही, माणसांचा. कोणीतरी डायपर टाकतंच. खत चाळताना आजवर सहा चमचे आणि कुकरची एक शिट्टी सापडली. शिट्टी नोटीसबोर्डाला टांगून ठेवली होती, कोणी न्यायला आलं नाही.

मेथीची_जुडी: शिट्टी राहू दे. चाळतं कोण?

माजी_सेक्रेटरी: पगारी माणूस. गमबूट-हातमोजे सोसायटीचे, सुट्टीही ठरलेली. पूर्वी हे सफाईवाल्या मावशींवरच ढकललं होतं, वर एक रुपया न देता. त्यांनी काम सोडलं तेव्हा आम्हाला शहाणपण सुचलं.

मेथीची_जुडी: मग माझी हरकत नाही. ते २०० रुपये दंड म्हणून नको, त्या माणसाचा पगार म्हणून घ्या. दर घरातून.

रविवारचा_चहा: मी पैसे देईन. मत बदललेलं नाही.

चौथा_मजला: पुढच्या सभेत हीच दुरुस्ती मांडतो. पण ६४ घरांच्या टाकीला पाला आणता कुठून? माझी दोन पिंपंच भागत नाहीत.

माजी_सेक्रेटरी: आमच्या गल्लीत रोज सकाळी सातला पाल्याचे ढीग करून पेटवतात. मी पावणेसातला गोणी घेऊन उभा असतो. तुम्हीही या, गोणी आपली आणा.