फोनवर काय सापडले आणि कोणाला दाखवले? : विदर्भातील गावांकडचे अनुभव

2016 नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि गाणी, नाटके, कारागिरीचे व्हिडिओ आपल्या गावांतही हातोहात फिरू लागले. त्यांतले बहुतेक आपण पाहतो आणि विसरतो. एखादे मात्र चार जणांना दाखवल्यावाचून चैन पडत नाही. असे काही आपल्याला सापडले असल्यास ते कोणाला दाखवले आणि पुढे काय घडले, हे सविस्तर लिहावे.

तिवसा तालुका, अमरावती

मी गावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवतो. गुरुकुंज मोझरी जवळच असल्याने राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने लहानपणापासून कानावर आहेत. परंतु महाराज 1968 साली गेले, त्यामुळे आमच्या पिढीने ती ऐकली ती इतरांच्याच तोंडून. कापूस वेचणीच्या दिवसांत एका रात्री त्यांच्या स्वतःच्या आवाजातले जुने ध्वनिमुद्रण यूट्यूबवर सापडले. वेग अर्ध्यावर आणून, माझी थाप जिथे नेहमी चुकते ती जागा मी आठवडाभर घोटली. नंतर आबाजींना ऐकवले. त्यांनी तरुणपणी महाराजांना समोर बसून ऐकलेले आहे. डोळे मिटून सगळे ऐकल्यावर ते म्हणाले, "आवाज तं महाराजायचाच हाये, पण मांगं कोन खोकून रायलं?" ती तबकडीची खरखर होती.

देसाईगंज (वडसा), गडचिरोली

मी झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातल्या, नाटकांत ऑर्गन वाजवतो. धान निघाले की दिवाळीनंतरच्या मंडईपासून (गावच्या जत्रेपासून) आमचा हंगाम सुरू होतो आणि रात्री उभे राहिलेले नाटक पहाटेपर्यंत चालते. 2023 मध्ये झाडीपट्टीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यावर पुण्यात नोकरी करणारे भाचे पहिल्यांदा विचारू लागले की, मामा, तुमचे ते नाटक कुठे पाहायला मिळेल? म्हणून आम्ही एक प्रवेश चित्रित करून टाकला. तो पुष्कळ फिरला, पण कोणीतरी त्यातला रडण्याचा तेवढा तुकडा कापून, नटीचे आणि मंडळाचे नाव पुसून, आपल्या चॅनलवर लावला. पाहणाऱ्यांनी भरभरून कौतुक केले. ज्या बाईने तो प्रसंग उभा केला तिला मात्र त्याचा पत्ताच नव्हता. तेव्हापासून नावे आम्ही चित्रातच, मधोमध घालतो. दिसायला ते वाईट दिसते, हे मान्य आहे.

फोनवर दाखवले तर तिकीट कोण काढणार, अशी आमच्यातल्या काहींची धास्ती आहे. मला ती पटत नाही. मंडईला लेकी माहेरी येतात, पाहुणे भेटतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात, आणि नाटक हे त्या सगळ्या रात्रीचे निमित्त असते. ती रात्र फोनमध्ये मावत नाही.

झरी जामणी तालुका, यवतमाळ

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. शाळेत रेंज नाही, म्हणून अरविंद गुप्ता यांच्या टाकाऊतून खेळणी करण्याच्या चित्रफिती तालुक्याच्या गावी उतरवून पेन ड्राइव्हमधून आणतो. आगपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडल्या की चौकोन लटपटतो आणि त्रिकोण ताठ राहतो. हे करून पाहिल्यावर चौथीतली एक मुलगी उठून खिडकीशी गेली आणि दूरच्या टॉवरमधले त्रिकोण मोजू लागली. (त्या टॉवरचा आम्हाला झालेला हा एवढाच उपयोग.)

चिखली तालुका, बुलढाणा

माझा अनुभव लहान आहे. कर्नाटकातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया गोधड्या शिवतात, त्याचा व्हिडिओ मी सासूबाईंना दाखवला. भाषा दोघींनाही कळली नाही, पण त्या स्त्रिया काठापासून सुरुवात करून फेऱ्या घेत आत येतात, हे सासूबाईंनी लगेच हेरले. आमच्याकडे आधी सगळे थर अंथरून टाचून घेतात. "आपल्यापेक्षा उलटं हाये, पण टाका तोच," एवढे बोलून त्यांनी जुन्या लुगड्यांचे गाठोडे काढले. त्या स्त्रिया चारही कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी घडी बसवतात. सासूबाईंच्या गोधडीला तशा तीन बसल्या आहेत. चौथीसाठी त्यांना माझ्या लग्नातल्या शालूचा तुकडा हवा आहे आणि मी अजून हो म्हटलेले नाही.